घडीची सायकल आणि रोजचे जाणे-येणे

(पंचायत समिती सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सायकल या विषयावर बोलण्यास मला पाचारण केले आहे हे ऐकून माझ्या एका स्नेह्यांनी विचारले, "त्यात बोलण्यासारखे काय आहे? पायडल मारले की ती चालते." प्रश्न वाजवी होता. तथापि माझा आजचा विषय साधी सायकल नव्हे, घडीची सायकल आहे. आणि त्यातही जिची चाके मोठ्या माणसाच्या नेहमीच्या सायकलीइतकी असतात अशी, पूर्ण आकाराची. घडीची खुर्ची आपण सर्व जाणतो. घडीच्या सायकलीकडे मात्र अद्याप खेळणे म्हणूनच पाहिले जाते.

माझी नोकरी जालन्यास होती आणि घर येथे सिडकोत. घरापासून मुकुंदवाडी स्थानक दोन-अडीच किलोमीटर, तेथून जालना रेल्वेने सुमारे ६० किलोमीटर, आणि जालना स्थानकापासून कार्यालय कुंडलिकेच्या पलीकडे, चारएक किलोमीटरवर. यातील ६० किलोमीटरांनी मला कधीच त्रास दिला नाही. त्रास दिला तो दोन टोकांच्या साडेसहा किलोमीटरांनी. रिक्षासाठी थांबणे, सोबतीचे उतारू गोळा होईपर्यंत बसणे, आणि परतताना डोळ्यांदेखत सुटणारी गाडी पाहणे, हा अनुभव येथे बसलेल्या अनेकांच्या परिचयाचा असेल. यावर मी प्रथम जो उपाय केला तो दोन सायकलींचा. एक घरची, दुसरी जालन्यास एका सायकल स्टँडवर कायम ठेवलेली. पहिल्या वर्षी तिची घंटी गेली, दुसऱ्या वर्षी सीट गेली आणि तिसऱ्या वर्षी सायकल गेली. त्यानंतर मी घडीची सायकल घेतली.

ही कल्पना नवी नाही. सैन्यासाठी घडीच्या सायकली करण्याचे प्रयत्न फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाले होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बी.एस.ए. कारखान्याने छत्रीधारी सैनिकांसाठी मुद्दाम सायकल तयार केली. तिच्या फ्रेमच्या नळ्यांना दोन ठिकाणी बिजागऱ्या असत आणि हाताने फिरवावयाच्या पंखदार नटांनी त्या आवळल्या जात. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांपैकी काहींच्या खांद्यांवर अशा सायकली होत्या, हे त्या दिवसाच्या छायाचित्रांत आजही पाहावयास मिळते. युद्धानंतर शहरातील नोकरदार माणूस हा या सायकलीचा धनी झाला. लंडनमध्ये १९७० नंतरच्या दशकात अँड्रयू रिची यांनी ब्रॉम्प्टन ही सायकल तयार केली. तिची चाके अवघी १६ इंचांची. घडी इतकी लहान की मेजाखाली सहज मावावी. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत माँटेग्यू पितापुत्रांनी उलट मार्ग धरला. त्यांनी चाक मोठेच ठेवले आणि सीटच्या उभ्या नळीभोवतीच फ्रेम फिरेल अशी योजना केली. पुढचे चाक काढावयाचे, मागचा भाग वळवून पुढच्याशेजारी आणावयाचा, झाली घडी. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनी हॉर्नबॅक नावाची विजेवर चालणारी, मोठ्या चाकांची घडीची सायकल तयार केली. २०२३ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी आपण स्वतः ती चालविल्याचे जाहीर केले, तेव्हा तिचा बराच बोलबाला झाला.

चाक मोठे असावे की लहान, हा प्रश्न लंडनच्या रस्त्यावर आवडीनिवडीचा असेल. आपल्याकडे तो हाडांचा आहे. खड्डा तोच असला तरी लहान चाक त्यात अधिक खोल उतरते आणि त्याच्या कडेवर आपटते. मोठे चाक त्याच खड्ड्यावरून बऱ्याच अंशी तरून जाते. जालना रस्त्याच्या कडेला खडी आणि वाळू किती साचते ते आपण जाणता. पावसाळ्यात पाण्याखाली काय दडले आहे हे तर ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. तेथे २६ इंची चाकाचा मोठा आधार वाटतो. दुसरे असे की, मोठ्या चाकाची सायकल बिघडली तर कोणत्याही पेठेतील सायकलवाला तिला हात लावतो.

मात्र येथे एक खाचखळगा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. २६ इंची म्हणून मिळणारे सर्व टायर सारखे नसतात. २६ × १.७५ हा जाड टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर लेडीज सायकलीचा २६ × १⅜ हा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमचा. दोन्हींवर २६ लिहिलेले, आणि एक दुसऱ्याच्या रिमवर जन्मात बसणार नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ५५९ किंवा ५९० हा आकडा असतो, तो पाहून टायर घ्यावा. मी पाहिला नाही, आणि जालन्याहून मंठा रस्त्याने एका तपासणीस निघालो असता सायकल हातात धरून परत चालत आलो.

बिजागरीबद्दल अधिक गंभीरपणे सांगितले पाहिजे. साध्या सायकलीची फ्रेम म्हणजे जोडलेल्या नळ्यांचे दोन त्रिकोण. त्यात सैल होण्यासारखे काहीच नसते. घडीच्या सायकलीत आपण मुद्दाम एक सांधा निर्माण करतो आणि चालविणाऱ्याचे सारे वजन त्या सांध्याच्या खटक्यावर विसंबते. एके दिवशी गाडी चुकेल या घाईत मी खटका पुरता बसविला नाही. सेव्हन हिल्सच्या पुलाचा उतार लागताच हँडल एका बाजूस आणि मागचे चाक दुसऱ्या बाजूस जाऊ लागले. कोपर सोलवटले, विजारीचा गुडघा फाटला; मागून येणाऱ्या बसच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून आज आपणापुढे उभा आहे. त्या दिवसापासून खटका बसविल्यावर सायकल पुढचा ब्रेक दाबून मागेपुढे हलवून पाहावयाची आणि सांध्यातून आवाज आला तर बसावयाचे नाही, असा नियम मी पाळतो. दर महिन्यास खटक्याचा स्क्रू आवळून घ्यावा. बिजागरीजवळ रंगाला बारीक चीर दिसली तर ती रंगाची आहे की नळीची, हे जाणकाराकडून पाहून घेईपर्यंत सायकल भिंतीला टेकवून ठेवावी. विकत घेतानाही गिअर किती आहेत हे विचारण्याआधी बिजागरी पाहावी. स्वस्त सायकलीत नेमका तोच भाग हलका असतो.

वजनाचाही विचार हवा. माझी सायकल पंधरा किलोंची आहे. सपाट रस्त्यावर ती मला वाहून नेते, पण स्थानकातील पुलाच्या पायऱ्यांवर मी तिला वाहून नेतो, आणि पन्नाशीनंतर हा व्यवहार फायद्याचा वाटेनासा होतो.

आता रेल्वेच्या नियमाविषयी. द्वितीय वर्गाच्या प्रवाशास ३५ किलो सामान विनाशुल्क नेता येते, तेव्हा वजनाची अडचण नाही. अडचण मापाची आहे. डब्यात नेण्याच्या पेट्या व सूटकेसी १०० × ६० × २५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या असू नयेत. त्याहून मोठे सामान ब्रेकव्हॅनमध्ये द्यावे लागते. २६ इंची चाक टायरसह सुमारे ६६ सेंटिमीटरांचे होते. म्हणजे सायकल कितीही वेळा दुमडा, चाकच त्या मापात बसत नाही. २० इंची चाक बसते. हा नियम लिहिताना घडीची सायकल कोणाच्या डोळ्यांपुढे असेल असे वाटत नाही. बहुतेक तिकीट तपासनीसांनी माझी पिशवी पाहून न पाहिल्यासारखे केले. एकाने मात्र नियमावर बोट ठेवले, आणि त्याचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही. परंतु रोजचा प्रवास कोणाच्या मेहेरबानीवर चालू नये. मुंबईत मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवर २०२२ पासून सायकल डब्यात नेण्याची सोय झाली. सवारी गाडीच्या एखाद्या डब्यात एका कोपऱ्यापुरती तशी सोय मागणे अवाजवी ठरू नये.

एस.टी.ची कथा वेगळी आहे. पूर्वी गाडीच्या टपावर सायकल चढविली जाई. आता बहुतेक गाड्यांना टपावर जाण्याची शिडीच नाही. येथे मला एका शिक्षिकेची हकिगत सांगावयाची आहे. त्यांची शाळा द्विशिक्षकी. गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत. बस फाट्यावर सोडते. पुढे काळी-पिवळी मिळाली तर ठीक, नाही तर पायी. शिक्षकाने मुख्यालयी राहावे हा नियम योग्यच आहे, पण त्या गावी भाड्याने खोली मिळत नव्हती आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. दुसरे शिक्षक प्रशिक्षणास गेले की कुलूप उघडण्याची जबाबदारी एकट्या बाईंवर येई, आणि पोरे व्हरांड्यात बसून फाट्याकडे डोळे लावीत. बाईंनी माझी सायकल पाहून तशीच एक घेतली. एक वाहक ती मागच्या सीटजवळ ठेवू देई. दुसरा देत नसे. ज्या दिवशी दुसरा असे त्या दिवशी शाळा उशिरा उघडे. अखेर फाट्यावरच्या दुकानदाराने रात्री सायकल आपल्या दुकानात ठेवून घेण्याचे कबूल केले, तेव्हा प्रश्न सुटला. अर्थात मग घडीची सायकलच कशाला, साधीही चालली असती. बाई स्वतःच हे हसत सांगतात.

ही हकिगत मी मुद्दाम सांगितली, कारण तिच्यातून पंचायत सदस्यांना करण्यासारखे एक काम निघते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या; त्यांतील कितीतरी मुली फाट्यापर्यंत सायकलीने येऊन पुढे बसने जातात, आणि सायकल झाडाला बांधून ठेवतात. फाट्यावर चार पत्रे, कुलूप लावण्यासाठी एक लोखंडी आडवी नळी आणि एक हवा भरण्याचा पंप एवढे झाले तरी मुली, शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका या सर्वांची सोय होईल. कार्यालयप्रमुखांकडे माझे मागणे याहून लहान आहे. घडी घातलेली सायकल टेबलाशेजारी ठेवण्यास हरकत घेऊ नये. माझ्या कार्यालयात शिपायाने ती पहिल्या दिवशी भंगार समजून जिन्याखाली टाकली होती.

वेळ संपत आला आहे. सायकल बाहेर व्हरांड्यात आहे. चहाच्या वेळी ज्यांना घडी घालून पाहावयाची असेल त्यांनी जरूर पाहावी. फक्त खटका उघडताना बोट बिजागरीच्या मध्ये ठेवू नये.