वाडीतली कूज आणि वाडीतलाच इलाज
(नभोवाणीवरील भाषण)

केळवे रोड स्थानकावर उतरून शीतलादेवीच्या दर्शनास निघालेल्या पाहुण्याला वाटेत नारळ, सुपारी व केळीच्या वाड्या आणि त्यांच्या गारव्यात चढलेली पानवेल दिसते. परंतु ज्या ओलाव्यावर ही दौलत उभी आहे, त्याच ओलाव्यावर कूजही पोसते, हे बागायतदाराचे जुने दुखणे पाहुण्याच्या नजरेस सहसा येत नाही. आषाढात झड लागली की चिकूच्या फळावर पाणचट डाग उमटतो, तो हां हां म्हणता पसरतो, आणि सकाळी झाडाखाली सडक्या फळांचा खच पडलेला असतो.

१८८५ साली फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण प्रसिद्ध केले, आणि आजही कुजीच्या बंदोबस्तासाठी त्याच्यावर मोठी भिस्त आहे. तथापि तोडणीच्या तोंडावर औषधाचा अंश फळावर राहू नये, ही चिंता वाढल्यामुळे वनस्पतींच्या अर्कांकडे लक्ष वळले आहे. लसणीची अखंड पाकळी जवळजवळ निर्गंध असते. ती ठेचली म्हणजे पेशींत अलग राहिलेली द्रव्ये एकत्र येऊन ॲलिसिन निर्माण होते, तो उग्र दर्प त्याचाच आणि बुरशीला आवरण्याचे सामर्थ्यही त्याचेच. मात्र ते अल्पायुषी असल्याने शिळ्या अर्काचा भरवसा नाही. शंभर लिटर पाण्यास ५ किलो निंबोळी चूर्ण, हे सर्वश्रुत प्रमाण मुख्यतः किडींसाठी आहे. कुजीचा सारा भार त्यावर टाकणे रास्त नव्हे.

आपल्या विड्याच्या पानातही युजेनॉल, चॅव्हिकॉल अशी तीव्र द्रव्ये असून, प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत त्याचा अर्क फळे कुजविणाऱ्या बुरशींची वाढ रोखतो. आणि तरीही हे अस्त्र पानोपानी बाळगणारी वेल पाट तुंबताच मुळाशी कुजून मान टाकते! बशीत पाऊस पडत नाही. वाडीत पडतो, आणि फवारलेला अर्क धुऊन नेतो.

म्हणून बागायतदार बंधुभगिनींनो, आधी पाणी वाहते करा, सडकी फळे वेचून वाडीबाहेर पुरा, दाट फांद्या विरळ करून वारा खेळू द्या. मग ताजा अर्क उघाडीत दोन झाडांवर फवारा, दोन झाडे तशीच ठेवा, आणि दोहोंखाली पडलेली फळे मोजून वहीत टिपा.