शरदातील भुंगे : पाहावे कसे, ओळखावे कसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणासाठी मी 'भुंगे' हा विषय कळविला, तेव्हा आपल्या चिटणीसबाईंनी मला दोनदा विचारले, "भुंगे की भुलाबाई?" मी म्हटले, "बाई, दोन्हींचा हंगाम एकच." भाद्रपदाचा पाऊस ओसरला, तरवड पिवळा झाला, तुरीला कळी दिसू लागली की भुंगे आपोआप नजरेस पडतात. फक्त नजर हवी. ती मला फार उशिरा आली, आणि तीही एक वाईट गोष्ट हातून घडल्यावर. तीच आधी सांगते.

आमच्या गोठ्याचे जुने आढे सागवानी आहे. एका आश्विनात त्याखाली रोज सकाळी पिवळसर भुसा पडलेला दिसू लागला. वर पाहिले तर करंगळी सहज जाईल अशी चार गोल भोके. जणू सुताराने गिरमिटाने पाडलेली. त्यांतून मोठे काळे भुंगे जात-येत होते. आढे पोखरून गोठा खाली येईल या भीतीने मी शिडी लावली, घरात उरलेले रॉकेल त्या भोकांत ओतले आणि वरून ओली माती थापली. दोन दिवसांत गुणगुण थांबली. मी समाधानाने हात धुतले.

पुढे उन्हाळ्यात आढ्याचा तो तुकडा बदलावा लागला. सुताराने तो उभा चिरला आणि आत काय होते ते माझ्यासमोर आले. लाकडाच्या रेषेला धरून वीतभर लांबीचा गुळगुळीत बोगदा; त्यात भुशाच्या पातळ पडद्यांनी पाडलेल्या खोल्या; प्रत्येक खोलीत परागाचा, पुरणासारखा पिवळा गोळा, आणि त्यावर वाळून गेलेली अळी. एका खोलीत तर गोळा तसाच होता. आईने शिधा भरून ठेवला होता, खाणारे उरले नव्हते. सुतार म्हणाला, "आढ्याला काही झालं नव्हतं, आक्का. वरच्या वर कोरलंय." मला त्या दिवशी जेवण गेले नाही. चाळीस वर्षे शाळेत मुलांना परागीभवन शिकविणाऱ्या बाईने हे केले होते.

त्यानंतर मी वाचायला आणि पाहायला लागले.

माझ्या भाचीने मुंबईहून एक इंग्रजी चित्रांचे पुस्तक पाठविले होते. त्यात अंगभर लोकर पांघरलेली, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची 'बम्बलबी' होती. पाहणारा प्रत्येकजण म्हणे, "हा तर आपला भुंगा!" तसे ते नाही. बम्बलबी ही थंड मुलखाची माशी. तिचे शास्त्रीय घराणे 'बॉम्बस'; जगात तिच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. आपल्या देशात ती हिमालयाच्या अंगाला राहते, दख्खनच्या पठारावर नाही. गारठ्यात उडण्यापूर्वी ती पंखांचे स्नायू थरथरवून आपले अंग तापवून घेते. तिची किंमत न्यूझीलंडच्या लोकांना चांगली कळली. तेथे लाल क्लोव्हरचा चारा तर उगवे, पण बी धरेना. शेवटी 1885 साली इंग्लंडहून या माश्या बोटीने नेऊन सोडल्या, तेव्हा बी धरू लागले.

आपल्या अमडापुरात जो दिसतो तो सुतार-भुंगा, 'झायलोकोपा'. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच लाकूड कापणारा. आपल्याकडे हे ज्ञान काही नवे नाही. भुंगा वाळके लाकूड पोखरतो हे ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात दृष्टांत म्हणून आलेले आहे. तो लाकूड खात मात्र नाही. कोरलेला भुसा बाहेर टाकतो, थोडा पडद्यांसाठी ठेवतो. आणि कोरणारा 'तो' नसून 'ती' असते! घर बांधणे, शिधा भरणे, अंडी घालणे, दार राखणे सगळे तिच्याकडे. (येथे आपल्यापैकी कुणी हसेल तर मी दोष देणार नाही.) अंडी ती फार थोडी घालते, पण एकेक अंडे तांदळाच्या दाण्याहून मोठे, साऱ्या कीटकांत मोठ्या अंड्यांपैकी हे एक. मधमाशीचे पोळे उद्ध्वस्त झाले तर राणी पुन्हा हजारो अंडी घालील. सुतारणीच्या चार खोल्या गेल्या म्हणजे त्या हंगामाची तिची बहुतेक सारी कमाई गेली. मी रॉकेल कशावर ओतले ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

आता ओळखायचे कसे? पाठीमागून पोट पाहा. बम्बलबीचे पोट केसाळ असते. सुतार-भुंग्याचे वरून टक्कल पडल्यासारखे काळेभोर आणि चकचकीत. पंख उन्हात निळे-हिरवे, जांभळे चमकतात. एका जातीत मादी काळी, खांद्यावर पिवळी शाल घेतल्यासारखी, आणि नर नखशिखान्त पिवळा. मी पहिली दोन वर्षे त्यांना दोन निराळे कीटक समजून वहीत वेगळी पाने दिली होती! हा पिवळा नर एकाच जागी हवेत तरंगत उभा राहतो आणि जवळून काहीही गेले, अगदी आपण फेकलेला खडाही, तरी त्याच्यामागे धावतो. मुले घाबरतात. पण नराला नांगीच नसते. मादीला असते, परंतु मुठीत धरल्याखेरीज ती सहसा डसत नाही. आग्या मोहोळाची गोष्ट अर्थात निराळी. त्याच्या खाली धूर करू नये की दगड मारू नये.

फसविणारेही पुष्कळ आहेत. दोनच पंख असतील तर ती माशी, भुंगा नव्हे. कंबर सुतासारखी बारीक असेल तर गांधीलमाशी किंवा भिंतीला मातीची घरे लावणारी कुंभारीण. गुलाबाची पाने कात्रीने कापल्यासारखी गोल कातरलेली दिसली, तर ती रोगट नव्हेत; पानकाप्या माशीने पिलांसाठी दुपटी बेतली आहेत. आणि पोटावर निळे पट्टे ओढलेली लहानशी, एका जागी न टिकणारी माशी दिसली तर पाहून घ्या, ती निळपट्टी. तिचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला दातांनी धरून रांगेने झोपतात. आमच्या कुंपणाच्या तारेशेजारी एका काडीवर मी सात मोजले.

सर्वांत सोपा धडा परसातल्या वांग्यापाशी मिळतो. वांग्याच्या फुलातला पराग उघड्यावर नसतो. पिवळ्या नळ्यांत बंद असतो, टोकाला बारीक छिद्र. मिठाच्या डबीतून मीठ काढावे तसे त्याला हलवावे लागते. निळपट्टी आणि सुतारीण फुलाला मिठी मारतात, पंख न हलविता अंगाचे स्नायू थरथरवितात आणि पराग भुरभुर खाली पडतो. त्या वेळी गुणगुणीचा सूर एकदम चढतो; डोळे मिटूनही कळते. मध देणाऱ्या सातेरीला नि फुलोरीला ही विद्या येत नाही. वाऱ्याने थोडीफार फळधारणा होते, पण भुंगा आला तर वांगे चांगले धरते. टोमॅटोचे तेच, तरवडाचे आणि तरोट्याचेही तेच. मारुतीला वाहतो त्या रुईचे परागही या मोठ्या भुंग्यांच्याच पायांना चिकटून जातात.

आपल्या महाराष्ट्रातल्याच एका भुंग्याची कीर्ती परदेशांत गेली आहे. भीमाशंकरच्या रानात रात्री उडणारा सुतार-भुंगा आहे. हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी 2008 साली दाखवून दिले की, हा भुंगा नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही आपल्या घराजवळच्या खुणांचे रंग ओळखतो. त्या उजेडात आपल्याला स्वतःच्या लुगड्याचा रंग कळत नाही. अंधाऱ्या रानात रात्रीमागून रात्री बसून हे शोधणाऱ्यांत आपल्या भगिनी होत्या, हे मला फार आवडते.

आता तुरीकडे येते, कारण ती आपल्या सर्वांच्या घरची आहे. दिवाळीच्या सुमारास तूर फुलावर येते तेव्हा सुतारीण आणि पानकाप्या माश्या सकाळी ऊन चढल्यापासून तिच्यावर असतात. तूर आपली आपणही फळते, परंतु झाडाझाडांतली देवाणघेवाण या माश्या करतात. नेमक्या त्याच वेळी शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी होते. फवारू नका असे मी म्हणणार नाही. अळीने शेंग खाल्ली तर घर कसे चालेल? मी पुरुषमंडळींना एवढेच सांगते की, भर फुलावर सकाळी फवारू नका. फारच लागले तर माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळताना फवारा, आणि तोंडाला फडके बांधा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. जे धडधाकट माणसाला मारते ते अंगठ्याच्या पेराएवढ्या जिवाचे काय करील? आमच्या घरी ही गोष्ट पटायला दोन हंगाम लागले, आणि अजूनही पूर्ण पटली आहे असे छातीठोकपणे सांगवत नाही.

मी स्वतः एक केले आहे. गोठ्यावर आता पत्रे आहेत. जुन्या आढ्याचा उरलेला तुकडा आणि शेवग्याची दोन वाळकी नाटे मी पडवीच्या कडेला, पाऊस लागणार नाही अशी, तारेने आडवी टांगली. पहिले वर्ष कुणी फिरकले नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. घरात थट्टा झाली. यंदा भाद्रपदाच्या शेवटी एका सकाळी झाडताना केरसुणीला पिवळसर भुसा लागला. मी वर पाहिलेच नाही. आधी चहा ठेवला, मग खुर्ची घेऊन बसले. दुपारपर्यंत एक भोक पूर्ण झाले होते. आज तीन आहेत.

ज्यांना पाहायचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी तरवडापाशी यावे. वही-पेन्सिल आणावी, मुलांना आणावे, आणि अत्तर लावून येऊ नये.