छायाचित्रांतील नावे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या ट्रस्टच्या पूर्वीच्या अध्यापक विद्यालयाची छायाचित्रे आज सभागृहात मांडली आहेत. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले. आपल्या संस्थापकांपुढे तोच आदर्श होता. २०१० नंतर शिक्षकभरती मंदावली व राज्यातील अनेक डी.एड. विद्यालयांप्रमाणे आपलेही बंद करावे लागले.

एका छायाचित्रात पाठाचे टाचण हाती धरून फळ्यापुढे उभी असलेली छात्राध्यापिका आहे. दुसऱ्यात वसतिगृहाची पंगत. ताटांवर तिरपे ऊन पडले आहे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम जैनेतर मुलींनाही होता आणि त्या तो हसतमुखाने पाळीत.

एक खंत मात्र सांगितलीच पाहिजे. वार्षिक समूहचित्रांखाली खुर्चीवर बसलेल्या आम्हा विश्वस्तांची नावे ठळक छापली आहेत. मागे उभ्या मुलींची नाहीत. ती हजेरीपटांत होती, आणि जागा रिकामी करताना ते हजेरीपट मीच रद्दीत घातले. दुकानात कापडाच्या प्रत्येक ठाणाची चिठ्ठी जपणाऱ्या माणसाच्या हातून हे घडले.

येथे उपस्थित माजी विद्यार्थिनी भगिनींना विनंती, की ओळखीच्या चेहऱ्यांचे नाव, गाव व वर्ष सांगावे. टेबलावर पेन्सिली ठेवल्या आहेत. छायाचित्राच्या पाठीवर हलक्या हाताने पेन्सिलीनेच लिहावे. शाई पुढील बाजूस उमटते.

जय जिनेंद्र!