बालकाचा क्रोध आणि पालकांचा संयम



तीन वर्षांचे बालक धावताना पडते आणि रडू लागते. घरातील वडीलधारे माणूस लगबगीने पुढे होते, जमिनीवर चापट मारते आणि म्हणते, 'जमिनीने पाडले ना बाळाला? थांब, तिला हाणू!' बालक हसते. पण त्याच क्षणी ते शिकते, की आपल्या दुःखाला कोणीतरी दोषी असतो आणि त्याला मारले की दुःख शमते. उद्या तेच बालक धाकट्या भावंडावर हात उगारते, तेव्हा मात्र सारे घर चकित होते.

रागावलेल्या बालकाला सहसा तीन उत्तरे मिळतात. बागुलबुवाची भीती दाखवली जाते, हाती खाऊ किंवा मोबाईल दिला जातो, अथवा 'मुलगा असून रडतोस?' असे हिणवले जाते. रडणे थांबते, मनातील कल्लोळ तसाच राहतो. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीच्या सुमारास परिपक्व होतो, असे शास्त्र सांगते. मग चिमुकल्या जिवाकडून प्रौढाच्या संयमाची अपेक्षा कशी करावी?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सोपा क्रम सांगितला आहे. बालकाची भावना ओळखावी, ती जवळीक साधण्याची संधी मानावी, शांतपणे ऐकावे, भावनेला शब्द द्यावा आणि मर्यादा घालून मार्ग शोधावा. 'खेळणे मोडले म्हणून तुला राग आला आहे; पण ताईला मारायचे नाही,' या वाक्यात माया आहे आणि शिस्तही आहे. भावना सर्व मान्य, वर्तन मात्र सर्व मान्य नव्हे.

हा विचार आपल्याला परका नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भय व शिक्षा यांवाचून बालशिक्षणाचा आग्रह धरला होता.

कठीण परीक्षा पालकांचीच असते. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाचे दहा शब्द हसतमुखाने ऐकणारा पिता घरी येऊन मुलाच्या एका हट्टावर हात उचलतो. क्षमावाणीच्या दिवशी साऱ्या जगाची क्षमा मागणारा हाच गृहस्थ पाच वर्षांच्या मुलाची क्षमा मागण्यास संकोचतो. 'बाळा, माझे चुकले,' असे तो म्हणाला तर त्याचा मान कमी होत नाही; राग कसा आवरावा आणि चूक कशी सुधारावी, हे मुलाला त्यातूनच कळते.

मुलांना संपत्तीचा वारसा सर्वांनाच देता येतो असे नाही. शांत घराचा वारसा मात्र प्रत्येकाला देता येईल.