हसे ज्याचे, लेखणी त्याची



दूरदर्शनवरच्या विनोदात नट दिसतो, लेखक दिसत नाही. आज आम्ही बोलणार आहोत तो लेखक मात्र नटही आहे.

दिलीप प्रभावळकर यांचा जन्म १९४४ चा. १९७७ साली मुंबई दूरदर्शनवर ते चिमणराव झाले. मूळ कथा चिं. वि. जोशी यांच्या. बडोद्यास पाली शिकविणारा हा विनोदकार १९६३ साली वारला. मुंबई केंद्र निघाले १९७२ साली. आपला चिमणराव पडद्यावर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण त्यांची युक्ती मागे राहिली: चिमणरावाची फजिती चिमणरावच सांगतो.

तीच वाट प्रभावळकरांनी पुढे नेली, असे आम्हांस वाटते. त्यांच्या ‘अनुदिनी’त टिपऱ्यांच्या घरातले आजोबा, मुलगा, सून, नातवंडे सारेच रोजनिशी लिहितात. त्यामुळे घरची गोष्ट कोणा एकाच्या मालकीची राहत नाही. त्यावरून २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. दिग्दर्शक केदार शिंदे. आबा स्वतः प्रभावळकर.

म्हातारा माणूस हा हसण्याचा हुकमी विषय. कवळी, खोकला, बहिरेपण, टाळी ठरलेली. इथे त्याच म्हाताऱ्याच्या हाती लेखणी आली आणि हसता हसता आम्ही वरमलो. आमच्या घरीही एक आजोबा होते. त्यांच्या विसराळूपणावर आम्ही पोटभर हसलो. त्यांना त्याचे काय वाटते, हे एकदाही विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.

सज्जनहो, आज घरी गेलात म्हणजे तेवढे विचारा.