दारापर्यंत गाडी



विद्यापीठाच्या आवारातली वाहतूक आणि पार्किंग हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. विद्यापीठं चालवणाऱ्यांना तसं वाटत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांनी साठच्या दशकातच थट्टेनं म्हणून ठेवलं होतं की, आपापल्या वाटेनं चालणाऱ्या प्राध्यापकांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पार्किंगची तक्रार. त्याच विद्यापीठाच्या बर्कले इथल्या आवारात नोबेल मिळालेल्या प्राध्यापकाला गाडीसाठी राखीव जागा देतात. जगातला एवढा मोठा मान मिळवून आल्यावर विद्यापीठ काय देतं, तर गाडी लावायला जागा!

आपल्याकडं त्यासाठी नोबेल लागत नाही. साहेबांची गाडी पोर्चमध्ये, विभागप्रमुखांची झाडाच्या सावलीत, कर्मचाऱ्यांच्या स्कूटर व्हरांड्याच्या कडेला आणि विद्यार्थ्यांच्या टू-व्हीलर फट सापडेल तिथं. कोण दाराच्या किती जवळ गाडी लावतो, यावरून त्याचा हुद्दा ओळखावा. म्हणजे पार्किंगकडं आपण सोय आणि मान म्हणून बघतो, आणि अपघाताकडं शिस्तीचा प्रश्न म्हणून. मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. जिथं गाडी लावायची, तिथपर्यंत ती चालवत न्यावी लागते. पार्किंग दाराशी नेलं की रहदारी दाराशी येते, आणि त्याच दारातून माणसं पायी बाहेर पडत असतात.

थोडं गणित करू. ताशी 30 किलोमीटरनं येणाऱ्या मोटारीसमोर कुणी अचानक आलं, तर चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडायला साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात मोटार आठ मीटर पुढं आलेली असते. कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरमध्ये ती थांबते. एकूण 13 मीटर. तीच मोटार ताशी 50 नं येत असेल, तर त्या एका सेकंदातच जवळजवळ 14 मीटर कापते. पहिली मोटार जिथं थांबली, तिथं दुसरीला अजून ब्रेकही लागलेला नाही! समोरच्या माणसाला ती पूर्ण वेगात धडकते. आवारात वेगमर्यादेच्या पाट्या असतात त्या याचसाठी. पण सरळ, रुंद, मोकळा रस्ता दिसला की पाटी कोण वाचतो? मग आपण गतिरोधक टाकतो. नीट आखलेला, रंगवलेला गतिरोधक कामाचा असतो. मनाला येईल तसा घातलेला, रात्री न दिसणारा उंचवटा मात्र टू-व्हीलरवाल्यालाच पाडतो.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसं दगावली. त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची होती आणि 19.5 टक्के पायी चालणारी. विद्यापीठाच्या आवारात मुख्यतः असतात ती हीच दोन प्रकारची माणसं.

पुण्याचं विद्यापीठ घ्या. गणेशखिंडीतला हा सुमारे 400 एकरांचा परिसर मुळात मुंबईच्या गव्हर्नरांच्या निवासाचा. 1949 साली तिथं विद्यापीठ आलं आणि एका प्रासादाभोवतीच्या झाडीत विभाग, वसतिगृहं, ग्रंथालय विखुरत गेलं. अंतरं एवढी की गाडीचा मोह व्हावाच. फाटकाबाहेर विद्यापीठ चौक आहे. गणेशखिंड, औंध, बाणेर, पाषाण आणि सेनापती बापट रस्ता, सगळ्यांची रहदारी तिथं येऊन मिळते. तिथला उड्डाणपूल 2020 साली मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडला. चौकाला महापालिका, पोलीस, पीएमपी, मेट्रो असे अनेक धनी आहेत, म्हणून तिथलं काहीही ठरायला वर्षं लागतात. फाटकाच्या आत मात्र रस्ता, इमारत, दिवे, वेळापत्रक सगळं एकाच संस्थेच्या हाती आहे. शहराला जे साधत नाही, ते विद्यापीठाला साधू शकतं.

ते कसं, हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं दाखवलं. 2000 साली त्यांना नव्या इमारती बांधायच्या होत्या. सँटा क्लारा काउंटीनं अट घातली: इमारती बांधा, पण सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तुमच्या गाड्या वाढता कामा नयेत. विद्यापीठानं हिशेब केला, तेव्हा बहुमजली पार्किंग उभारण्यापेक्षा गाडी न आणणाऱ्याला पैसे देणं स्वस्त निघालं. पार्किंगला शुल्क, आवारात मोफत बस, रेल्वेचे पास असं सगळं एकदम केलं. 2002 साली 72 टक्के कर्मचारी एकट्यानं गाडी चालवत येत. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. पुण्यातही 2017 च्या डिसेंबरात विद्यापीठात भाड्याच्या सायकली आल्या होत्या. पुढं त्या दिसेनाशा झाल्या. दारापर्यंत फुकट गाडी लावायची मुभा तशीच ठेवून शेजारी सायकली उभ्या केल्यानं सवय बदलत नाही.

तुम्ही म्हणाल, स्टॅनफर्डकडं पैसा आहे. पण पैसा आपणही घालतोच, फक्त तो दिसत नाही. उघड्यावर एक मोटार लावायला, वळवायच्या जागेसह, सुमारे 23 चौरस मीटर जमीन लागते. वसतिगृहात दोन मुलांच्या खोलीला बहुतेक ठिकाणी याहून कमी जागा मिळते. डोनाल्ड शूप या लॉस एंजलिसच्या प्राध्यापकानं 2005 साली यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. फुकट पार्किंगची किंमत ज्याच्याकडं गाडी नाही तोही भरतो, हे त्याचं सूत्र.

तर मग करायचं काय? पार्किंग फाटकांजवळ न्यावं. आत गाडी यावी ती अपंगांची, रुग्णवाहिकेची, अग्निशामक दलाची आणि सामानाची. बाकीच्यांसाठी दर काही मिनिटांनी छोटी बस. सलग, सावलीचा पदपथ. आणि तो रस्ता ओलांडतो तिथं रस्ताच पदपथाच्या उंचीला आणावा, म्हणजे हळू होणं चालकाला भाग पडेल. सगळ्या विभागांचे तास एकाच ठोक्याला सुरू न करता पंधरा-पंधरा मिनिटांनी मागंपुढं करावेत. गर्दी आपोआप पांगते.

यावरचा एक आक्षेप मला फार वजनदार वाटतो. रात्री ग्रंथालयातून निघालेल्या मुलीनं अंधारातून फाटकापर्यंत चालत जायचं का? मुळीच नाही. शेवटचा वाचक उठेपर्यंत बस आणि पार्किंगपर्यंत सलग दिवे, ही सोय आधी व्हावी, पार्किंग नंतर हलावं. हा क्रम उलटा झाला, तर सुरक्षिततेच्या नावाखाली आपण दुसरी असुरक्षितता आणू.

या सगळ्याआधी एक बिनखर्चाचं काम आहे. आवारात गाडी घसरली, कुणाला आरसा लागला, कुणाचं कोपर फुटलं, तर पोलीस येत नाहीत आणि नोंदही होत नाही. धूळ झटकून जो तो तासाला जातो. पुढं तिथंच एखादा जबर अपघात होतो, तेव्हा आपण त्याला दुर्दैव म्हणतो. प्रत्येक फाटकावर अशा किरकोळ अपघातांची वही ठेवा. जागा आणि वेळ, एवढंच लिहा. कुठला कोपरा धोक्याचा आहे, हे सहा महिन्यांत ती वहीच सांगेल. श्रोत्यांत अधिसभेचे सदस्य असतील, तर त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या बैठकीत पार्किंगच्या नव्या इमारतीचा प्रस्ताव आला, तर मंजुरीपूर्वी ही वही मागा. ती नसेल, तर प्रस्ताव परत पाठवा.