वरच्या मजल्यावरचा उन्हाळा
(सोसायटीच्या वर्धापनदिनी एका सभासदाने केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिलीत. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळं विषय शोधावा लागला नाही!

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलं. जाड भिंती, वर लाकूड, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भर दुपारी आत गारवा आणि रात्री माळवदावर अंथरूण. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच जड छतांखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर मातीच्या छताची धास्तीच बसली, स्लॅब आला. बरोबरच झालं ते. मात्र स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. मे महिन्यात आमच्याकडं या, रात्री अकराला छत तव्यासारखं असतं.

एसी सगळ्यांना परवडत नाही. लाईट गेली की तोही गप्प. मग जुगाड. पंख्यापुढं बर्फाचं पातेलं मीही ठेवलंय. पण हिशेब बघा : एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता एक लिटर पाणी वाळताना घेतं. शिवाय तो बर्फ करताना फ्रीज घरातच गरम हवा सोडतो. त्यापेक्षा खिडकीत वाळ्याचा पडदा, नाहीतर ओलं गोणपाट बरं. बीडची हवा कोरडी, म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमट हवेत नाही. आणि कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे. आम्ही दोन उन्हाळे सगळं गच्च बंद करून घामाघूम बसलो होतो!

पण कूलर पाणी पितो. २०१६ ला शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टँकरच्या दिवसांत कूलर भरायचा का हंडा?

म्हणून माझा आग्रह गच्चीला चुना मारायचा. पांढरा रंग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो, रोजचं पाणी लागत नाही. पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागेल, हे खरं. "वरच्यांचा त्रास, वरच्यांनीच खर्च करावा," असं मागच्या सभेत कुणीतरी म्हणालं. रागावलो नाही मी. पण गच्चीवर पापड-कुरडया सगळ्या मजल्यांच्या वाळतात की नाही?

होळीनंतरचा पहिला रविवार ठेवू. शिडी आणि दोन ब्रश माझ्याकडं आहेत.